जमाखर्चाची वही कुणाच्या हातात?



आमची संस्था लहान आहे. नांदेड जिल्ह्यात नांदेड शहर, मुखेड आणि किनवट. लातूर जिल्ह्यात लातूर शहर आणि उदगीर, अशी पाच केंद्रे. अभ्यासिका चालवतो, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह चालवतो, ॲट्रॉसिटीच्या प्रकरणांत कुटुंबासोबत पोलीस ठाण्यापासून कोर्टापर्यंत उभे राहतो, मजूर बायांचे बचत गट बांधतो. पाच केंद्रांच्या पाच वह्या होत्या. मुखेडला लांब रजिस्टर, लातूरला एक्सेल, किनवटला कार्यकर्त्याच्या शबनम पिशवीतली डायरी. वर्षाअखेरीला सगळ्या वह्या सीएकडे जायच्या, आणि महिनाभर एकच वाक्य ऐकू यायचे : हे जुळत नाही.

दोन वर्षांपूर्वी ऑडिटमध्ये शिलाई मशीनचे एकच बिल दोन प्रकल्पांत खर्ची पडलेले निघाले. खरेदी उदगीर केंद्राने केली, पैसे लातूर केंद्राने दिले आणि दोघांनी आपापल्या वहीत खर्च लिहिला. एक रुपयाही कुणी खाल्ला नव्हता. पण कागद समोर ठेवून बोलायची वेळ आली तेव्हा ही चोरी नसून चूक आहे, हे सिद्ध करायला आमच्याकडे काहीच नव्हते. त्या दिवशी आम्ही ठरवले की पाचही केंद्रांचा हिशेब एका जागी, एका पद्धतीने लिहायचा.

त्यासाठी अहमदपूरच्या एका विहारात बैठक घेतली. अहमदपूर यासाठी, की नांदेडकर आणि लातूरकर दोघांनाही सारखाच प्रवास पडावा. बैठकीत आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते उठून म्हणाले, “पोरांनो, समाजासाठी पंचवीस वर्षं चपला झिजवल्या. आता च्याची बी पावती मागता का?” त्यांच्या पाठोपाठ लातूरची एक ताई बोलली, “सगळा हिशेब नांदेडला गेल्यावर लातूरच्या हातात काय राहतंय?”

बैठक तिथेच थांबली. आज दीड वर्षानंतरही आम्हाला वाटते की हे दोन्ही प्रश्न रास्त होते आणि दोन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत. हा लेख त्या दोन प्रश्नांवर आहे. आमच्यासारख्या छोट्या संस्था, मंडळे, ट्रस्ट मराठवाड्याच्या प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि हा पेच त्यांच्याही दारात आलेला आहे किंवा येणार आहे.

कायद्याच्या नजरेत केंद्र नावाची गोष्ट नाही

आधी कायद्याचे पाहू. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० नुसार हिशेब ठेवणे ही विश्वस्तांची जबाबदारी आहे. दरवर्षी खाती बंद करून त्यांचे लेखापरीक्षण करावे लागते. विश्वस्त बदलला तर नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. किनवटची डायरी हरवली तर कायदा किनवटच्या कार्यकर्त्याला विचारत नाही, विश्वस्त मंडळाला विचारतो. संस्थेचा पॅन एक, ताळेबंद एक. आपण पाच केंद्रे म्हणतो ती आपल्या सोयीसाठी.

२०२२ साली आयकर नियमांत नवा नियम आला. धर्मादाय संस्थांनी कोणकोणत्या वह्या आणि कागद ठेवायचे, याची लांबलचक यादी त्यात आहे. ही पुस्तके नोंदणीकृत कार्यालयातच ठेवायची, दुसरीकडे ठेवायची असतील तर ठराव करून आयकर अधिकाऱ्याला सात दिवसांत कळवायचे आणि दहा वर्षे जपायची. ऐंशी-जीची सवलत असलेल्या संस्थेला दरवर्षी ३१ मेपर्यंत देणगीदारांची यादी नावानिशी ऑनलाइन भरावी लागते. दोन हजार रुपयांवरच्या रोख देणगीवर देणगीदाराला सवलत मिळत नाही. ज्या संस्थेचे पावतीपुस्तक पाच ठिकाणी फिरते आणि ज्याचा क्रमांक कुणालाच माहीत नसतो, तिने ही यादी कशी भरायची?

परदेशी निधीचे तर विचारूच नका. सप्टेंबर २०२० मध्ये एफसीआरए कायद्यात दुरुस्ती झाली. परदेशातून येणारा पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच आला पाहिजे, प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्के, आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला तो पैसा द्यायला पूर्ण बंदी. या शेवटच्या कलमाची झळ आम्हाला थेट बसली. पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेमार्फत आमच्या कायदेशीर मदतीच्या कामाला निधी यायचा, तो बंद झाला. मोठ्या संस्थांकडे वकील आणि लेखापाल होते, त्या टिकल्या. मरण आले ते तालुक्यात काम करणाऱ्यांचे.

म्हणजे हिशेब एका जागी आणणे ही आमची हौस नव्हती. पण कायदा सांगतो म्हणून करायचे, एवढ्यावर कार्यकर्ता तयार होत नाही, आणि होऊही नये. काकांच्या प्रश्नाला कायद्याचे कलम हे उत्तर नाही.

पहिला प्रश्न : हिशेब मागणे म्हणजे अविश्वास का?

आपल्या आज्या-पणज्यांच्या गावात वही कुणाकडे होती, हे आठवून पाहा. महार वतनातल्या कामांत गावचा सारा तालुक्याच्या खजिन्यात पोचवणे हे एक काम होते. पैसा डोक्यावर आणि खांद्यावर आपल्या माणसांनी वाहिला. रस्त्यात तो लुटला जाऊ नये म्हणून जीव धोक्यात घालून राखणही त्यांनीच केली. त्यांच्या प्रामाणिकपणावर गावाचा पूर्ण भरवसा होता. पण किती सारा गोळा झाला, कुणाच्या नावावर किती बाकी निघाली, हे लिहिलेली वही कुलकर्ण्याकडे आणि आपल्या मराठवाड्यात पटवाऱ्याकडे. पैसा वाहणारा वेगळा, लिहिणारा वेगळा. ज्याने वाहिला तो वतनाच्या बेडीत राहिला. ज्याने लिहिले तो गावचा मालक झाला.

सावकाराच्या वहीचेही तेच. अंगठा आपला, आकडा त्याचा. महात्मा फुले यांनी कुलकर्णी आणि सावकार यांच्यावर पुन्हा पुन्हा आसूड ओढला तो याच कारणाने. लेखणी एका जातीच्या हातात राहिली की निरक्षर शेतकऱ्याचे शेत कागदावरच्या कागदावर कसे जाते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले. वंशपरंपरेने वही एका घरात राहणे हे सत्तेचे मूळ आहे, हे त्यांनी ओळखले होते.

एवढा इतिहास पाठीशी असताना आपला कार्यकर्ता “मी प्रामाणिक आहे, मला वही कशाला” असे म्हणतो तेव्हा आम्हाला वाईट वाटते. प्रामाणिक तर खजिना वाहणारे आपले पणजोबाही होते. प्रामाणिकपणाने त्यांना काय मिळाले?

बाबासाहेबांनी संस्था चालवल्या त्या लेखी व्यवहारावर. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली तेव्हा तिची रीतसर नोंदणी केली होती. कचेरी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये आणि १९२५ साली वसतिगृह सुरू झाले ते सोलापुरात. म्हणजे दोन ठिकाणी चालणाऱ्या संस्थेचा हिशेब हा प्रश्न आपल्या चळवळीला शंभर वर्षांपासून माहीत आहे. पुढे १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आली. मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली आणि औरंगाबादेत महाविद्यालय १९५० साली सुरू झाले, दोन्ही एकाच सोसायटीची. ज्याने रुपयाच्या प्रश्नावर लंडनमध्ये प्रबंध लिहिला, त्या माणसाच्या अनुयायांनी ‘आम्हाला आकडे जमत नाहीत’ असे म्हणणे शोभत नाही.

३० मे १९४९ रोजी संविधान सभेत महालेखापरीक्षकाच्या कलमावर चर्चा चालू होती. त्या दिवशी बाबासाहेबांनी मत मांडले की संविधानातला हा बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, आणि त्याचे कर्तव्य न्यायसंस्थेपेक्षाही महत्त्वाचे आहे. जो सरकारच्या खर्चाची वही तपासतो त्याला त्यांनी इतके वरचे स्थान दिले. त्यानंतर सहा महिन्यांनी, २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात, त्यांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल इशारा दिला. आम्हाला या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या वाटत नाहीत. जिथे हिशेब विचारता येत नाही तिथे माणसाला देव करण्याची सवय लागते. ‘आमचे साहेब असे करणारच नाहीत’ हे वाक्य किती संघटनांच्या फुटीआधी ऐकू आले, ते प्रत्येकाने आपल्या तालुक्यात आठवून पाहावे.

आणि आपण बौद्ध आहोत. विनयपिटकात भिक्खू संघाने भांडागारिक कसा नेमावा, हे सांगितले आहे. तो संघाच्या संमतीने नेमायचा. तो आवडीनिवडीने, द्वेषाने, मोहाने किंवा भयाने वाकडी वाट धरणारा नसावा, आणि काय सांभाळून ठेवले आहे व काय ठेवलेले नाही हे त्याला माहीत असावे. म्हणजे नुसता शीलवान असून भागत नाही. कोठारात काय आहे हे ठाऊक असणे ही वेगळी अट आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी संघाने हे ठरवताना कुणा भिक्खूवर अविश्वास दाखवला नव्हता. संघाला दिलेले दान सगळ्या संघाचे असते, म्हणून त्याची माहितीही सगळ्या संघाची असते.

शेवटची गोष्ट रोजच्या लढाईतली. आपण माहितीच्या अधिकारात ग्रामपंचायतीला वस्ती सुधारणेच्या निधीचा हिशेब मागतो. अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा दुसरीकडे वळवला की जिल्हाधिकारी कार्यालयासमोर बसतो. मागायलाच पाहिजे, बसायलाच पाहिजे. पण ग्रामसेवकाने उलट विचारले की तुमच्या संस्थेचा हिशेब दाखवा, तर? आमच्या एका कार्यकर्त्याला असे खरेच विचारले गेले, आणि तो गप्प राहिला. त्या गप्प राहण्याची लाज आम्हाला आजही वाटते.

दुसरा प्रश्न : हिशेब नांदेडला गेला तर लातूरला काय राहिले?

लातूरच्या ताईच्या प्रश्नाला अनेकांनी गावकीचा प्रश्न समजून हसण्यावारी नेले. विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हा वाद आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो, तसाच हा एक, असे त्यांना वाटले. आम्हाला तसे वाटत नाही. तिचा प्रश्न बाबासाहेबांच्या एका प्रबंधाच्या विषयाशी थेट जाऊन भिडतो.

ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा प्रबंध १९२५ साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. तरुणांनी तो जरूर वाचावा. १८३३ च्या चार्टर कायद्याने सगळ्या प्रांतांचा पैशाचा अधिकार काढून केंद्राकडे दिला. वसूल करणारे प्रांत, खर्च करणारे प्रांत, पण मंजुरी आणि तिजोरी केंद्राची. परिणाम काय झाला? काटकसर करून वाचलेला पैसा आपल्याकडे राहणार नाही, हे कळल्यावर प्रांतांना काटकसरीत रस उरला नाही. जो जास्त ओरडेल त्याला जास्त, अशी ओढाताण सुरू झाली. शेवटी १८७१ पासून प्रांतांना वेगळी अंदाजपत्रके दिली गेली.

गोष्ट इथेच संपवली असती तर ‘केंद्रीकरण वाईट, विकेंद्रीकरण चांगले’ असा सोपा निष्कर्ष निघाला असता. बाबासाहेब त्याच्यापुढे जातात. अंदाजपत्रक प्रांताच्या नावाचे झाले तरी अधिकार केंद्राकडेच राहिले होते आणि प्रांतिक वित्तव्यवस्था खऱ्या अर्थाने स्वतंत्र नव्हती, हे ते कागदपत्रे लावून दाखवतात. कागदावर कुणाचे नाव आहे एवढे पाहून भागत नाही, निर्णय कोण घेतो हे पाहावे लागते.

आता आपल्या संस्थांकडे याच नजरेने पाहा. आमच्याकडे पाच वह्या होत्या तेव्हा केंद्रे स्वतंत्र होती का? मुळीच नव्हती. पाचशे रुपयांच्या वर काहीही करायचे तर नांदेडला फोन लावावा लागायचा. वही केंद्राकडे आणि निर्णय फोनवर, हा सगळ्यांत वाईट प्रकार होता, कारण त्यात ना हिशेब होता ना अधिकार.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्थानिक म्हणजे लोकशाही, असे बाबासाहेबांनी कधी मानले नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गौरवीकरणावर जी टीका केली, ती आपल्याला पाठ आहे. मग हाच निकष तालुका केंद्राला लावायचा की नाही? पंधरा वर्षे एकच केंद्रप्रमुख, वही त्याच्या घरी, शिक्का त्याच्या खिशात, बचत गटातल्या बायांना शिल्लक किती हे माहीत नाही. हे विकेंद्रीकरण असेल तर गावचा पाटीलही विकेंद्रीकरणच होता.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे : नोंद एका जागी आणा, निर्णय जिथे काम चालते तिथे ठेवा आणि नोंद सगळ्यांना वाचता येईल अशी उघडी ठेवा. यातली एक गोष्ट जरी सुटली तरी बाकीच्या दोन फुकट जातात. नोंद आणि निर्णय दोन्ही वर गेले तर मुख्य कार्यालय नवे कुलकर्णी होते. दोन्ही खाली राहिले तर केंद्रप्रमुख नवा पाटील होतो. आणि वही बंद राहिली तर दोन्हीकडे लोक अंगठेबहाद्दरच राहतात.

आम्ही प्रत्यक्षात काय केले

आम्ही १ एप्रिल ही तारीख धरली, कारण आर्थिक वर्ष तेव्हा सुरू होते आणि आदल्या दिवशीच्या शिलका नव्या पुस्तकात आणणे सोपे जाते. त्याआधी तीन महिने जुनी वही आणि संगणक दोन्ही समांतर चालवले. जे करता आले ते असे.

एक, सगळ्या केंद्रांसाठी खात्यांची एकच यादी केली. पूर्वी एकच खर्च कुठे ‘प्रवास’, कुठे ‘गाडीभाडे’, कुठे ‘फिल्ड व्हिजिट’ आणि बहुतेक ठिकाणी ‘इतर’ असायचा. ‘इतर’ हे खाते बंद केले. टॅलीमध्ये प्रत्येक नोंदीला कोणते केंद्र आणि कोणता प्रकल्प अशा दोन खुणा लावता येतात. त्यामुळे पुस्तक एक असूनही उदगीरचा खर्च वेगळा काढून पाहता येतो.

दोन, बँक खाती मोजली. आम्हाला वाटत होती त्यापेक्षा जास्त निघाली. एका खात्यावर सही करणारे विश्वस्त वारले होते. ठराव करून नको ती खाती बंद केली. मुख्य खाते एक, आणि प्रत्येक केंद्राचे एक, ज्यावर त्या केंद्रातल्याच दोघांच्या सह्या चालतात आणि त्यातली एक बाईची असते. केंद्र पुरस्कृत योजनांसाठी सरकारने जुलै २०२१ पासून एकच मुख्य खाते आणि खाली शून्य शिलकेची खाती अशी पद्धत आणली आहे, तीच घ्या असे काहींनी सुचवले. आम्ही नाही म्हणालो. रात्री अकरा वाजता मारहाण झालेल्या माणसाला दवाखान्यात न्यायचे असते तेव्हा केंद्राच्या हातात पैसा लागतो, वरून मिळणारी मर्यादा नव्हे.

तीन, अंदाजपत्रक वर्षातून एकदा पाचही केंद्रांच्या प्रतिनिधींसमोर ठरते. एकदा ठरले की त्या रकमेच्या आत खर्च का केला, हे विचारायचा अधिकार मुख्य कार्यालयाला नाही. कागद मागायचा अधिकार आहे.

चार, जिथे बिल मिळतच नाही तिथे भांडायचे नाही. टमटमवाला पावती देत नाही, बाजारातली भाजीवाली देत नाही. अशा खर्चाला व्हाउचरवर कोण, कुठून कुठे, कशासाठी हे लिहायचे आणि सोबत असलेल्या दुसऱ्याची सही घ्यायची. काकांच्या चहाचे उत्तर इतके साधे होते.

पाच, लिहिणारा, मंजूर करणारा आणि पैसे देणारा अशी तीन माणसे वेगळी ठेवली. हे सुरुवातीला जड गेले, पण भांडणे याने जेवढी कमी झाली तेवढी दुसऱ्या कशानेही झाली नाहीत.

चुकाही झाल्या, त्या सांगितल्या नाहीत तर हा लेख म्हणजे जाहिरात होईल. पहिल्याच हंगामात मुखेडच्या वसतिगृहाचे किराणा बिल तारीख नाही म्हणून कार्यालयात अडकले. अडकले हे मुखेडला कुणी कळवलेच नाही. दुकानदाराने उधारी बंद केली आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी आपल्या घरच्या पैशांतून लेकरांना दोन आठवडे जेवू घातले. आम्ही चकचकीत पद्धत आणली आणि तिचा भार संस्थेतल्या सगळ्यांत कमी पगाराच्या बाईवर टाकला. तेव्हापासून नियम केला : कागद अपुरा असेल तर दोन दिवसांत काय कमी आहे ते सांगायचे, पुरा असेल तर चार दिवसांत पैसे द्यायचे, आणि उशीर झाला तर विश्वस्तांच्या बैठकीत कार्यालयाने कारण द्यायचे. मुदत फक्त केंद्राला असते तोवर ती शिस्त नसते, धाक असतो.

आणखी एक. कार्यालयातल्या मुलाने किनवटच्या एका वयस्कर कार्यकर्त्याला व्हॉट्सॲपवर ‘तुमचे व्हाउचर रिजेक्ट’ एवढेच कळवले. त्या माणसाने महिनाभर बैठकीला येणे सोडले. जन्मभर ज्याला दारातून परत पाठवले गेले, त्याला त्या शब्दाने काय वाटले असेल? आता आमच्याकडे ‘रिजेक्ट’ हा शब्द वापरत नाहीत. ‘अपूर्ण’ लिहितात आणि फोन करतात.

संगणकापुढे कोण बसणार?

वही एका जागी आणली की ती लिहिणाऱ्याच्या हातात मोठी सत्ता येते. बहुतेक संस्था हे काम बाहेरच्या लेखापालाला देतात आणि मोकळ्या होतात. मग पुन्हा तेच : काम आपले, पैसा आपल्या लोकांसाठी आलेला आणि वही दुसऱ्याकडे.

आम्ही बचत गटांची वही लिहिणाऱ्या दोन बायांना टॅली शिकवली. दोघी बारावी शिकलेल्या. सीएंनी आधी मान हलवली, आता त्यांचा पहिला फोन त्यांनाच असतो. हे आश्चर्य नव्हे. ‘उमेद’च्या गटांत पंचसूत्री असते : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब लेखन. वर्षानुवर्षे या बायांनी दर बैठकीत हिशेब मोठ्याने वाचून दाखवला आहे. कुणाकडे किती बाकी, हे सगळ्यांसमोर बोलले जाते आणि त्याने कुणाचा अपमान होत नाही. पदव्या घेतलेल्या आम्हा पुरुष कार्यकर्त्यांपेक्षा त्यांचा सार्वजनिक हिशेबाचा सराव जास्त आहे. समाजशास्त्र शिकताना आम्ही सत्ता आणि ज्ञान यांवर बरेच वाचले, पण हे त्यांच्याकडून शिकलो.

त्यांचीच रीत आम्ही उचलली. दर महिन्याला प्रत्येक केंद्राचे एक पान मराठीत छापून त्या केंद्राच्या भिंतीवर लागते : काय आले, काय गेले, काय उरले. तिमाहीत एकदा ते सगळ्यांसमोर वाचले जाते आणि कुणालाही प्रश्न विचारता येतो. सुरुवातीला कुणी विचारत नसे. आता वसतिगृहातल्या मुलींनी तेलाचा खर्च का वाढला म्हणून विचारले.

तरुणांना सांगणे

हे वाचणाऱ्या अनेकांकडे संस्था नसेल, पण जयंती मंडळ असेल. तिथून सुरुवात करा. १४ एप्रिलची वर्गणी घराघरातून येते. मजुरी करणारी बाईसुद्धा पदराची गाठ सोडून देते. किती जमले, डीजेला किती गेले, पुस्तकांना किती गेले, हे महिनाभरात विहाराच्या फळ्यावर लिहा. कुणी विचारण्याची वाट पाहू नका. आणि आपल्यातली जी मुले बी.कॉम. करून नोकरीची वाट पाहत बसली आहेत, त्यांना गावातल्या एका तरी संस्थेची वही लिहायला बसवा. आपल्या समाजात वकील झाले, प्राध्यापक झाले, अधिकारी झाले. लेखापाल आणि सीए मात्र अजून फार थोडे आहेत, आणि आपल्या संस्था बुडतात त्या बहुधा तिथेच.

लातूरच्या ताईचा प्रश्न पूर्ण सुटला, असे आम्ही म्हणणार नाही. संगणक अजून नांदेडलाच आहे. विश्वस्तांच्या निम्म्या बैठका आता लातूरला होतात आणि पुस्तक पाचही ठिकाणांहून उघडून पाहता येते, पण ‘पाहता येणे म्हणजे हातात असणे नव्हे’ हे तिचे म्हणणे आम्हाला मान्य आहे. पुढच्या वर्षीपासून लिहिण्याचे काम दोन वर्षे नांदेड, दोन वर्षे लातूर असे फिरते ठेवण्याचा ठराव तिने मांडला आहे. आमचा त्याला पाठिंबा आहे.

काका अजून कुरकुरतात. पण परवा त्यांनी आणलेल्या चहाच्या व्हाउचरवर कप किती, प्यायले कोण आणि बैठक कशाची, हे सगळे स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते. खाली त्यांची सही होती, अंगठा नव्हता.

जय भीम! नमो बुद्धाय!